हाली रुपयाच्या मुलखात: दोन महायुद्धांमधले नांदेड आणि लातूर

विसाच्या दशकात लातूरच्या गंजातल्या, म्हणजे मालाच्या पेठेतल्या, अडतीच्या पेढीवर दोन प्रकारचे रुपये चालत. एक हाली, म्हणजे निजामाच्या उस्मानिया शिक्क्याचा, चारमिनार कोरलेला चांदीचा रुपया. दुसरा कलदार, इंग्रजांचा. गावातला व्यवहार हालीत होई आणि बार्शी-मुंबईचा व्यापारी भाव बोले तो कलदारात. दर बांधलेला होता: शंभर कलदारांना ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै. तोंडी हिशोबाला सहा कलदारांचे सात हाली धरले की भागे. महायुद्धात चांदी मिळेनाशी झाली, तेव्हा १९१८ मध्ये हैदराबाद सरकारने स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या. नोटेवरची किंमत उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू व कन्नडमध्येही छापलेली असे. नोटेवर मराठीला जागा होती. तहसिलीच्या कागदावर आणि शाळेच्या वरच्या वर्गात मात्र तिला जागा नव्हती.

पहिले महायुद्ध संपले १९१८ मध्ये आणि दुसरे सुरू झाले १९३९ मध्ये. मधल्या एकवीस वर्षांत नांदेड आणि लातूर या दोन बाजारपेठांचे जे झाले, ते या एका विसंगतीतून नीट समजते. कापसाची गाठ सरहद्द ओलांडून थेट जगाच्या बाजारात जात होती. ती पिकवणाऱ्या माणसाला मात्र स्वतःच्या भाषेत शिकायला, सभा भरवायला, वर्तमानपत्र काढायला परवानगी लागत होती. माल मोकळा आणि माणूस बंद, ही स्थिती फार काळ टिकणारी नव्हती.

त्या काळचा नकाशा आजच्यासारखा नव्हता. नांदेड हा जिल्हा होता, पण लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव होते. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे आजच्या लातूर जिल्ह्यातले तालुके बीदर जिल्ह्यात मोडत. लातूरला स्वतःचा जिल्हा मिळाला तो थेट १९८२ मध्ये. हा सगळा मुलूख सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानच्या राज्यात होता आणि पलीकडच्या सोलापूर-नगरची माणसे त्याला सरळ ‘मोगलाई’ म्हणत. राज्यातल्या जमिनीचे तीन भाग होते. सुमारे साठ टक्के सरकारी दिवाणी मुलूख, सुमारे दहा टक्के निजामाची खाजगी मालमत्ता म्हणजे सर्फेखास, आणि उरलेला जहागीरदारांचा. रयतेला कोणाच्या दारात उभे राहायचे हे तिचे गाव यांपैकी कशात पडते यावर ठरे. गावात पोलीस पटेल, माली पटेल आणि पटवारी, त्यांच्यावर तहसीलदार, त्याच्यावर अव्वल तालुकदार, म्हणजे आजचा जिल्हाधिकारी.

युद्ध संपल्याची बातमी या भागात आली तेव्हा आनंद करण्यासारखी परिस्थिती नव्हती. १९१८ मध्ये दख्खनवर पाऊस रुसला आणि त्याच पावसाळ्याच्या अखेरीस इन्फ्लुएन्झाची साथ आली. या साथीत भारतभर एक कोटीहून अधिक माणसे गेली. उपाशी शरीरांवर आजाराने घाला घातला, म्हणून दख्खनमध्ये ती अधिक भारी पडली. १९२० मध्ये पुन्हा टंचाई. १९११ च्या खानेसुमारीत हैदराबाद राज्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३४ लाख होती, ती १९२१ मध्ये १ कोटी २५ लाखांवर आली. दहा वर्षांत नऊ लाख माणसे कमी झाली. पुढच्या दशकात संख्या सावरली आणि १९३१ मध्ये १ कोटी ४४ लाखांवर गेली. पण विसाच्या दशकाची सुरुवात कित्येक घरांनी कर्त्या माणसांविना, बैलांविना आणि सावकाराकडे गहाण पडलेल्या जमिनीनिशी केली, हे लक्षात ठेवावे लागते.

या दोन गावांना बाजारपेठ बनवले ते रेल्वेने, आणि दोघांना दोन वेगळ्या रेल्वेंनी. विसाव्या शतकाच्या तोंडावर हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे झाली. सिकंदराबादेहून निघालेली ही मीटरगेज नांदेड, परभणी, औरंगाबाद करत मनमाडला जाऊन मिळाली. नांदेडचा कापूस या वाटेने मुंबईला जाऊ लागला. पंजाबातून सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला येणारे शीख यात्रेकरूही याच गाडीने उतरू लागले. गुरू गोविंदसिंगांचे हे स्थान आणि रणजितसिंगांनी १८३०च्या दशकात बांधवून घेतलेला गुरुद्वारा यांमुळे नांदेडला उत्तरेशी एक जुना धागा होता. रेल्वेने तो दाट केला.

लातूरची गोष्ट वेगळी. तिथे आली ती बार्शी लाइट रेल्वे, अवघ्या अडीच फूट रुंदीची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ही छोटी गाडी मोठ्या हिकमतीने आखली होती. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ पुरतात, म्हणजे खर्च कमी, असा त्याचा हिशोब. कंपनी लंडनमध्ये नोंदलेली. बार्शी रोड म्हणजे कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत ती १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. दुसऱ्या टोकाला पंढरपूरमार्गे १९२७ मध्ये ती मिरजेला टेकली तेव्हा तिची एकूण लांबी २०० मैलांवर गेली होती. शतकाच्या आरंभी लातूर हे दहा हजारांच्या आसपास वस्तीचे गाव होते आणि त्याचा माल बैलगाड्यांनी बार्शीच्या पेठेत जाई. गाडी आल्यावर उलटे झाले. आसपासच्या चार-पाच तालुक्यांतल्या बैलगाड्या लातूरच्या दिशेने वळल्या.

दोन्ही रेल्वेंत एक गोष्ट सारखी होती आणि तिचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या भावातून वजा होत होता. मनमाडला मीटरगेजवरून ब्रॉडगेजवर आणि कुर्डुवाडीला नॅरोगेजवरून ब्रॉडगेजवर गाठी हमालांकरवी उतरवून पुन्हा चढवाव्या लागत. शिवाय नांदेड आणि लातूर एकमेकांना रुळांनी जोडलेले नव्हतेच. निजामाच्या रेल्वेने पुढे विकाराबाद-बीदर-परळी ही ब्रॉडगेज टाकली, तीही लातूर शहरात न येता वीसेक मैल दुरून गेली. तिथल्या स्थानकाला लातूर रोड नाव मिळाले. १९३० मध्ये राज्याने निजाम गॅरंटीड स्टेट रेल्वे लंडनच्या कंपनीकडून स्वतःच्या ताब्यात घेतली आणि १९३२ मध्ये त्याच खात्यातर्फे २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. बार्शी लाइट मात्र १९५४ पर्यंत कंपनीचीच राहिली.

सरहद्दीवर आणखी एक वजावट होती, करोडगिरीची. १८०२ च्या तहापासून हैदराबाद राज्य येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर किमतीच्या शेकडा पाच इतकी जकात घेत आले होते. इंग्रजी हद्दीतले कापड, केरोसीन, साखर मोगलाईत शिरताना महाग होई. मोगलाईतला कापूस आणि गळिताचे धान्य बाहेर पडताना त्याचा भाव तेवढा कमी धरला जाई. करोडगिरीच्या नाक्यावरचा शिपाई हा सरहद्दीवरच्या गावांसाठी सरकारचा सगळ्यांत ओळखीचा चेहरा होता.

पण या सगळ्यातून पैसा येत होता तो कापसाचा. नांदेड-परभणीचा गावरानी कापूस देशी वाणांत फार मानाचा होता. धागा लांब, तलम आणि मऊ. जुन्या काळी नांदेडची मलमल आणि पागोटी याच कापसाची. गिरण्यांना तो हवा होता, पण शेतकऱ्याच्या बाजूने एक अडचण होती. खानदेश-वऱ्हाडातून येणारे आखूड धाग्याचे वाण एकरी जास्त पिकत आणि त्यांची रुईही जास्त निघे. जिनांमध्ये दोन्ही कापूस एकत्र होत, सरकी मिसळे, आणि पुढच्या पेरणीत शुद्ध गावरानी मिळेनाशी होई. म्हणून १९१८ मध्ये परभणीला सरकारी शेतीक्षेत्र निघाले आणि पुढे तिथे गावरानीतून निवड करून ‘गावरानी ६’ हे वाण तयार झाले. बाहेरची सरकी आणि कापूस या भागात येऊ नये म्हणून राज्याने कापूस लागवड व वाहतुकीचा वेगळा कायदाही केला. मराठवाड्यातल्या शेतीसंशोधनाची परंपरा परभणीच्या कृषी विद्यापीठापासून मोजण्याची सवय आहे. तिची सुरुवात त्याच्या अर्धशतक आधी, या कापसाच्या ताटव्यांत झाली होती, आणि तिचे श्रेय त्या काळच्या शेतीखात्याला मोकळेपणाने द्यायला हवे.

नांदेडला विसाच्या दशकात उस्मानशाही मिल उभी राहिली. सूत आणि कापड दोन्ही काढणारी ही गिरणी नांदेडच्या जीवनात मोठा बदल होता. तोवर नांदेडचा कामकरी म्हणजे मोंढ्यातला, म्हणजे शेतमालाच्या बाजारातला, हमाल, जिनातली सरकी वेचणारी बाई, विणकर किंवा शेतातला सालगडी. आता भोंग्यावर कामाला जाणारा, महिन्याच्या पगारावर जगणारा माणूस गावात आला. १९२९ मध्ये हैदराबाद सरकारने इंडस्ट्रियल ट्रस्ट फंड काढला आणि त्यातून राज्यातल्या कारखान्यांत भांडवल घातले. उस्मानशाहीच्या जोडीला १९३४ मध्ये वरंगळला आझमजाही मिल आली. लातूरकडे अशी गिरणी नव्हती. तिकडचा कामकरी सोलापूरला जाई. सोलापूरच्या गिरण्यांत मोगलाईतून आलेली माणसे मोठ्या संख्येने होती. मे १९३० मध्ये लोकांच्या उठावानंतर सोलापूरला मार्शल लॉ लागला आणि जानेवारी १९३१ मध्ये चौघांना फाशी झाली. ही बातमी लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांत कळायला वर्तमानपत्राची गरज नव्हती. ती सणाला घरी येणाऱ्या गिरणीकामगारांबरोबर आली.

मोंढ्यातला आणि गंजातला व्यवहार कसा चाले, हे आज सांगितले तर विश्वास बसणार नाही. शेतकऱ्याची गाडी अडत्याच्या दारात लागे. खरेदीदार आणि अडत्या रुमालाखाली हात घालत आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरे. ज्याचा माल, त्यालाच तो शेवटपर्यंत कळत नसे. मग वजावटींची रांग. अडत, तोलाई, हमाली, मातेऱ्याबद्दल कडता, धर्मादाय, गोशाळा. वजनमापेही पेठेगणिक वेगळी. ज्या अडत्याकडे माल घातला त्याच्याकडूनच पेरणीला उचल घेतलेली असे, त्यामुळे गाडी दुसऱ्या दारी नेण्याची सोय नव्हती. १९२८ मध्ये हिंदुस्थानच्या शाही शेती आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. हैदराबादने १९३० मध्ये, म्हणजे राज्यात चालणाऱ्या फसली सनाच्या १३३९ मध्ये, आपला शेतमाल बाजार कायदा केला. उघड लिलाव, तपासलेली मापे, ठरलेली अडत आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असलेली समिती ही त्याची चौकट. आज बाजार समितीच्या निवडणुकीत ज्यांची पॅनेल उभी राहतात त्यांनी हा जुना कायदा जरूर पाहावा. रुमाल काढून टाकणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

लातूरची पेठ याच वर्षांत मोठी होत गेली आणि तिला पुढे एक देखणा आकार मिळाला. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यातली गंजगोलाई म्हणजे मध्ये वर्तुळ आणि त्यातून फुटणारे सोळा रस्ते. एकेका रस्त्यावर एकेका मालाचा बाजार: सोने, चपला, मिरची, गूळ. मधली दुमजली इमारत १९४५ ची. पण तिला लागणारी व्यापाराची ताकद आधीच्या तीस वर्षांत, अडीच फुटी रुळांवरून आली.

कायदा झाला आणि त्याच वर्षी भाव कोसळले. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात जे सुरू झाले ते मराठवाड्यात पोचायला एक हंगामही लागला नाही. हिंदुस्थानात शेतमालाचे भाव दोन-तीन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले, कापसाचे त्याहूनही खाली. जुनी माणसे त्या काळाला सस्ताई म्हणत. शहरातल्या पगारदाराला ती सस्ताई होती. ज्याच्याकडे विकायला फक्त कापूस आणि ज्वारी, त्याच्यासाठी तो घरावरचा नांगर होता. कारण शेतसारा रुपयात ठरलेला, सावकाराचे व्याज रुपयात ठरलेले, आणि तो रुपया मिळवायला आता दुप्पट कापूस लागत होता.

ही आपत्ती किती जगभर पसरली होती हे पाहायचे तर कॅनडाकडे पाहावे. तिथे सस्कॅचवानच्या मैदानांत गहू हेच मुख्य नगदी पीक. डिसेंबर १९३२ मध्ये विनिपेगच्या बाजारात गव्हाचा भाव बुशेलला चाळीस सेंटच्याही खाली गेला, कित्येक पिढ्यांत कोणी न पाहिलेला. त्यात सलग अवर्षण आणि धुळीची वादळे. बेकार तरुण मालगाड्यांच्या टपांवर बसून देशभर काम शोधत हिंडले. १९३५ मध्ये अशाच हजारो तरुणांचा मोर्चा राजधानी ओटावाकडे निघाला आणि रेजायना शहरात पोलिसांनी तो मोडला. त्याच वर्षी तिथल्या सरकारने कॅनेडियन व्हीट बोर्ड काढून गव्हाला किमान भाव देण्याची सोय केली. नांदेडचा कापूस उत्पादक आणि सस्कॅचवानचा गहू उत्पादक यांचे दुखणे एकच होते. पिकवायचे आपण आणि भाव ठरायचा समुद्रापार. फरक हा, की तिथला शेतकरी मतदार होता. त्याने सरकारे पाडली, नवे पक्ष काढले. इथल्या शेतकऱ्याजवळ मत नव्हते, त्याच्याजवळ बायकोच्या अंगावरचे सोने होते.

आणि ते सोने गेले. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमानक सोडले. रुपया पौंडाला बांधलेला असल्यामुळे सोन्याचा रुपयातला भाव चढला आणि अडलेल्या शेतकऱ्यांनी दागिने मोडायला काढले. त्या दशकात हिंदुस्थानातून तीनशे कोटींहून अधिक रुपयांचे सोने परदेशी गेले. या आकड्याला सरकारी अहवालांत निर्यात म्हणतात. खेड्यात त्याचा अर्थ पाटल्या, पुतळ्या, गाठले आणि लेकीच्या लग्नासाठी ठेवलेले मणी असा होता.

सोने संपले की जमीन. मराठवाड्यात सावकारी अनेक हातांत होती. मारवाडी आणि गुजराती पेढ्या, लिंगायत वाणी, नांदेडकडे कोमटी, शिवाय वसुलीला लाठी घेऊन येणारे रोहिले आणि अरब. केशव अय्यंगार या अर्थशास्त्रज्ञाने १९२९-३० मध्ये हैदराबाद राज्यातल्या निवडक गावांची घरोघर आर्थिक पाहणी केली. तिचे खंड आजही त्या काळाचे सर्वांत भरवशाचे साधन आहेत. १९३७ मध्ये भरुचा यांनी शेतकऱ्यांच्या कर्जाचा स्वतंत्र अहवाल दिला. जमिनी शेती न करणाऱ्यांच्या हातात चालल्या आहेत हे दोन्ही पाहण्यांतून सरकारसमोर आले. राज्याने त्या दशकात जमीन हस्तांतरावर बंधने घातली, कर्ज तडजोड मंडळे काढली, सावकारांना परवाना लावला. सहकारी पतपेढ्यांचा कायदा तर १९१४ पासूनच होता. कागदावर ही तरतूद वाईट नव्हती. पण तहसिलीत अर्ज द्यायचा तो उर्दूत, तो लिहून देणारा वकील किंवा अर्जनवीस पैसे घेणार, आणि पटवारी बहुधा सावकाराच्याच बैठकीतला. १९३१ मध्ये राज्यात लिहिता-वाचता येणारी माणसे शंभरात पाचच्या आसपास होती. ज्याला आपल्या खतावणीत काय मांडले आहे हे वाचता येत नाही, त्याला कायदा कितीसा वाचवणार?

पाण्याची गोष्ट यापेक्षाही टोचणारी आहे. बीड जिल्ह्यात उगवलेली मांजरा लातूर भागातून वाहत बीदरकडे आणि पुढे तेलंगणात जाते. तिच्यावर अभियंते नवाब अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली १९२३ ते १९३१ या काळात निजामसागर धरण झाले. सुमारे पावणेतीन लाख एकर भिजवण्याचा अंदाज असलेले हे राज्यातले त्या वेळचे सर्वांत मोठे काम. त्याच्या पाण्यावर निजामाबाद जिल्ह्यात ऊस आला आणि १९३७ मध्ये बोधनला निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली. बोधन हे नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली-देगलूरला लागून. इकडचा शेतकरी पलीकडच्या उसाकडे पाहत कोरडवाहू ज्वारी पेरत राहिला. धरणाची जागा भूगोलाने ठरवली, हे खरे. पण वरच्या बाजूला लहान बंधारे, तलाव, विहिरींना कर्ज यांपैकी जे शक्य होते, तेही फारसे झाले नाही. गोदावरी नांदेडच्या पायाशी वाहत होती आणि तिचे पाणी नांदेडच्या शेतीला मिळायला ऐंशीचे दशक उजाडावे लागले.

तरीही हा मुलूख नुसता सोसणारा नव्हता. मार्गशीर्षाच्या शेवटी कंधार भागात माळेगावच्या खंडोबाची जत्रा भरे, अजूनही भरते. तिथला जनावरांचा बाजार म्हणजे शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी चालवलेली खरी भांडवलपेठ होती. कंधारचे तांबडे लाल कंधारी बैल आणि उदगीर-देवणीकडचे काळे-पांढरे देवणी बैल तिथे मोलाने विकले जात. ही वाणे कोणा सरकारी खात्याने तयार केलेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या नजरेने निवड करत इथल्या माणसांनीच ती घडवली. मंदीच्या वर्षांत ज्याची बैलजोडी शाबूत राहिली, त्याची शेती शाबूत राहिली.

भाषेचा कोंडमारा मात्र वाढत होता. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे होते. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो देशातला मोठा प्रयोग होता आणि त्याचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. पण राज्यातल्या बहुसंख्य प्रजेची ती भाषा नव्हती. मराठी मुलगा प्राथमिक इयत्ता मराठीत शिके आणि माध्यमिकला उर्दूत जाई. तिथे गळती सुरू होई, मुलींची तर आधीच. खाजगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी, सभा भरवायची तर परवानगी. विसाच्या दशकातली ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखली जाणारी आज्ञा तर सभाबंदीचे दुसरे नावच झाली. १९२० मध्ये लक्ष्मणराव फाटक यांनी हैदराबादेत ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक सुरू केले. १९३१ मध्ये हैदराबादला श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले. साहित्याच्या नावावर एकत्र येता येत होते, म्हणून माणसे साहित्याच्या नावावर एकत्र आली.

या कोंडीतून वाट काढली ती शाळांनी. लोहाऱ्याजवळच्या हिप्परगा या लहान गावात १९२१ मध्ये, असहकाराच्या लाटेत, राष्ट्रीय शाळा निघाली. १९२९ मध्ये तिथे व्यंकटेश खेडगीकर नावाचा पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण शिक्षक म्हणून आला. मुंबईत ना. म. जोशींबरोबर कामगार संघटनेत राबलेला, आजारपणाने खचलेला. १४ जानेवारी १९३२ रोजी हिप्परग्यातच त्याने संन्यास घेतला आणि तो स्वामी रामानंद तीर्थ झाला. १९३५ मध्ये स्वामीजी मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला, तिथली शाळा चालवायला गेले. मराठवाड्यातल्या पुढच्या चळवळीचे कितीतरी कार्यकर्ते या दोन शाळांच्या वर्गांतून बाहेर पडले. गिरणीकामगारांच्या संघटनेचा अनुभव असलेला माणूस खेड्यातल्या मुलांना शिकवू लागला, याचा अर्थ नंतर दिसला.

१९३७ मध्ये परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली, राज्यातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि १९३८ मध्ये दुसरे लातूरला, बॅरिस्टर श्रीनिवासराव शर्मा अध्यक्ष. लातूरची निवड समजण्यासारखी आहे. इंग्रजी हद्दीला जोडणारी गाडी, पैसा असलेली पेठ आणि आसपासच्या गावांत हिप्परग्याने घडवलेली मुले. मातृभाषेतून शिक्षण, सभा-संचाराचे स्वातंत्र्य आणि जबाबदार राज्यपद्धती या मागण्या तिथे उघडपणे मांडल्या गेल्या. इथेच स्वामीजी परिषदेचे सरचिटणीस झाले आणि परिषदेचा सूर बदलला. अर्ज-विनंत्या मागे पडल्या.

त्यानंतरचे महिने धावपळीचे होते. सप्टेंबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्याआधीच बंदी आली. २४ ऑक्टोबरला नानलांच्या तुकडीने सत्याग्रह सुरू केला आणि काही दिवसांत स्वामीजी तुरुंगात गेले. उस्मानिया विद्यापीठात ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकले तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना जागा दिली. आर्य समाजाने सोलापुरात तळ ठोकून १९३९ मध्ये वेगळा सत्याग्रह चालवला. उदगीरचे वकील भाई श्यामलाल हे आर्य समाजाचे या भागातले मोठे कार्यकर्ते. डिसेंबर १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. त्यामुळे उदगीर-निलंग्याकडे चळवळ घराघरांत गेली. जुलै १९३९ मध्ये निजाम सरकारने राजकीय सुधारणा जाहीर केल्या, पण त्या कोणालाच पुरेशा वाटल्या नाहीत. सप्टेंबरात युरोपात युद्ध पेटले आणि बाजारभाव पुन्हा चढू लागले.

या सगळ्या हालचालीत एका मोठ्या वर्गाचे नाव फारसे येत नाही. गावचा महार आणि मांग वतनाच्या तुटपुंज्या जमिनीवर किंवा बलुत्यावर चोवीस तास सरकारचा आणि गावाचा बांधील होता. सारा तहसिलीत पोचवणे, अधिकाऱ्यांचे सामान वाहणे, मेलेली जनावरे ओढणे हे त्याच्या वाट्याचे होते. कापसाचा भाव वर गेला काय नि खाली आला काय, त्याच्या वेठीत फरक नव्हता. परिषदेच्या मागण्यांत भाषा होती, स्वातंत्र्य होते. वेठ आणि वतन यांचा प्रश्न मात्र त्याच्या धन्यांनी मांडला नाही, त्याला स्वतःच मांडावा लागला. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आजच्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या कसबे तडवळे इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. ती इंग्रजी हद्दीत भरली आणि तिच्यासाठी मोगलाईतल्या खेड्यापाड्यांतून माणसे आली.